उरलेली लस आमच्या पोरींना द्या

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी व मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
विदर्भातल्या सर्व जिल्हा परिषदा

विषय : लग्नाच्या वयातल्या मुलींना रुबेलाची लस, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतला ताप

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातली निवृत्त आरोग्य सेविका. गावात जिला 'नर्सबाई' म्हणतात, ती. आता पेन्शनीत आहे, त्यामुळे मला कारणे दाखवा नोटीस काढण्याची सोय तुमच्याकडे उरलेली नाही. मासिक सभेत जो विषय आला की 'पुढचा मुद्दा घ्या' असं म्हटलं जाई, तो विषय आज सविस्तर लिहिते.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण लांबलेला अर्ज टेबलावर शेवटपर्यंत वाचला जात नाही हे मला ठाऊक आहे. उपकेंद्राच्या लसीकरण सत्रात गोवर-रुबेलाची जी कुपी फुटते, तिच्यातले त्या दिवशी उरलेले डोस गावातल्या लग्न ठरलेल्या, किंवा लग्न झालं पण अजून दिवस न गेलेल्या मुलींना द्या. तेवढ्याने भागत नसेल तर जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या पैशातून, लस विकत घ्या. आणि पाळी चुकलेल्या बाईला ताप आला, अंगावर पुरळ आली, तर तिला त्याच दिवशी कोण बघणार हे आशांना लेखी कळवा.

आता कारण. रुबेला हा पुरळ येणारा हलका आजार, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाला घातक. आपल्या सरकारी यादीत २०१८ पर्यंत नुसती गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली. शाळाशाळांत टेबलं मांडली, अफवांशी भांडलो, घरोघरी जाऊन पोरं आणली. पण मोहीम होती ९ महिने पूर्ण ते १५ वर्षांच्या आतल्यांसाठी. पंधरा पूर्ण झालेल्या पोरी लहान बहिणीला घेऊन आल्या, तिचा दंड धरून बसल्या आणि तशाच परत गेल्या. म्हणजे नोव्हेंबर २००३ च्या आधी जन्मलेल्या मुलींना सरकारकडून रुबेलाची लस कधीच मिळाली नाही. आणि आज आपल्या गावांत ज्यांची लग्नं होताहेत, पहिली-दुसरी बाळंतपणं होताहेत, त्यातल्या बऱ्याच याच. खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) घेतलेल्या असतील थोड्या, पण त्या तालुक्याच्या गावातल्या, नोकरदारांच्या घरच्या.

यातल्या बऱ्याच जणींना लहानपणीच रुबेला होऊन गेलेला असतो आणि त्यांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद आयुष्यभर राहते. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. त्या कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. रुबेला लहान पोरांना इतका हलका होतो की आई विसरून जाते. दोन-तीन दिवस बारीक पुरळ, थोडा ताप, कानामागे गाठी, संपलं. कित्येकांना पुरळही येत नाही. त्यामुळे 'तुले लहानपणी झालता का?' या प्रश्नाला काही अर्थ नसतो.

हाच आजार बाईला गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. सोळा-अठरा आठवड्यांनंतर ती झपाट्याने उतरते आणि वीसच्या पुढे फारशी राहत नाही. गर्भ पडतो, मूल मेलेलं जन्मतं, किंवा जन्मतं ते डोळ्यात मोतीबिंदू, कानाने बहिरं, हृदयात दोष आणि कधी डोकं लहान असं. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं. त्यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेली ७८ बाळं नोंदवली. त्यातल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झालेला होता. १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या साथीत अशी सुमारे वीस हजार बाळं जन्मली. तेव्हा लस नव्हती. आज ती पुण्यात बनते.

'आता लहान पोरांना देतोय ना, मग साथच होणार नाही,' असं मला एका मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. बरोबर आहे, पण पोरांतलं लसीकरण सगळीकडे पूर्ण असेल तर. ग्रीसमध्ये १९७५ पासून मुलांना लस देत होते, पण अर्धवट आणि मोठ्या बायकांना वगळून. विषाणू कमी फिरू लागला म्हणून बऱ्याच मुली आजार न होता, लसही न घेता मोठ्या झाल्या. १९९३ मध्ये साथ आली तेव्हा ती त्या वयातल्यांना गाठत आली, आणि त्या एका वर्षात देशात रुबेलाने इजा झालेली बाळं कधी नव्हती इतकी जन्मली. जपानने अनेक वर्षं फक्त मुलींनाच लस दिली. २०१२-१३ मध्ये तिथे मोठी माणसं, मुख्यतः पुरुष, आजारी पडली आणि चाळीसच्या वर बाळांना त्याचे परिणाम भोगावे लागले. म्हणून नवरदेवालाही टोचली तर माझी हरकत नाही, पण तुमच्याकडे तो हिशोब मांडायची हिंमत माझ्यात नाही. आधी पोरींचं बघा.

आपल्याकडची टक्केवारी पत्रकात छान दिसते. वीटभट्टीवरची पोरं, पारधी बेड्यावरची, मेळघाटातून कामाला खाली उतरलेल्या कुटुंबांची, त्या पत्रकात कुठे असतात ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

आता कुपीचं. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते, पाणी घालून विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकावी लागते. एका कुपीत पाच किंवा दहा डोस. आमच्यासारख्या लहान गावात सत्राला पात्र पोरं तीन, कधी दोन. एका पोरासाठीही कुपी फोडायची, हा नियम चांगला आहे, पोर हुकायला नको. पण मग बाकीचे डोस कचऱ्यात. फुटलेल्या कुपीतले उरलेले डोस द्यायला शीतसाखळीचा जादा खर्च नाही, जादा वाहन नाही, सिस्टर तिथेच बसलेली आहे. आशाकडे लग्न ठरलेल्या मुलींची यादी नसते, असं मला कोणी सांगू नये. गावात साखरपुडा झाला की पहिला पेढा आशाच्या घरी जातो.

अडचणी सांगते, म्हणजे तुम्हाला त्या शोधाव्या लागणार नाहीत. ही जिवंत लस आहे. दिवस गेलेल्या बाईला देत नाहीत, आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. म्हणून शेवटची पाळी विचारायची, शंका असेल तर निश्चय किटवर (गरोदरपण तपासायची पट्टी) तपासायचं, निरोध किंवा गोळ्या हातात द्यायच्या. हे सगळं उपकेंद्रात आजही आहे. चुकून दिवस गेलेले असताना टोचली गेली तर घाबरून गर्भ पाडायचा नसतो, हेही सिस्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी घाबरून तोच सल्ला देईल. आणि 'वरून आदेश नाही' हे उत्तर मला माहीत आहे. राष्ट्रीय वेळापत्रकात मोठ्या मुली नाहीत, खरं आहे. म्हणूनच पत्र तुम्हाला आहे, दिल्लीला नाही. वापरायची परवानगी मागायची तर ती जिल्ह्यातूनच वर जावी लागते, आणि सेस फंडाचा ठराव तर जिल्ह्यातच होतो.

लशीइतकंच दुसरं दुखणं आहे ते गुपचूप राहण्याचं. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगत नाहीत. 'कोनाले सांगाचं नाई, नजर लागते.' सून सासूला सांगते, सासू तोंडाला कुलूप लावते, नवऱ्याला कधीकधी शेवटी कळतं. आशा दारात आली तरी 'काई नाई, पित्त झालं.' यात सगळा दोष रीतीचा नाही. पहिल्या तिमाहीत गर्भ पडण्याचं प्रमाण मुळातच बरंच असतं. सांगितलं आणि पडला तर चारचौघात बोल लागतो, म्हणून बायका गप्प बसतात. त्यांचं मला पटतं. पण बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो ती शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यातच मिटते. हृदय, डोळे, कान यांची घडण दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक उरकलेली असते. तुमचं उद्दिष्ट आहे बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. अकराव्या आठवड्यात नाव घातलं तरी तुमच्या तक्त्यात ती 'लवकर नोंदणी'. पेरून उगवून आल्यावर बियाण्याला औषध चोळण्यासारखं आहे हे. फॉलिक ॲसिडची गोळीसुद्धा खरी कामाची असते ती दिवस राहायच्या आधीपासून, आणि आपण ती देतो कार्ड तयार झाल्यावर.

त्यात आपल्याकडचं वेळापत्रक बघा. लग्नं एप्रिल-मे मध्ये. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे, अशी घाई घरोघरी. म्हणजे कित्येक पोरींचे पहिले दिवस जातात ते पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, आणि तेच आपल्या तापाचे महिने. उन्हाळ्यातला कूलर सावलीत ढकललेला, त्याच्या टाकीत पावसाचं पाणी, त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या. हाच डास झिकाही पसरवतो. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यात अनेक गरोदर बायकांना त्याची लागण झाली. ब्राझीलमध्ये २०१५-१६ ला लहान डोक्याची बाळं जन्मली ती याच विषाणूने. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यात झिका आला असं मी म्हणत नाही. आला तर कळणार कसं, एवढंच विचारते. कारण तापाची बाई जाते कुठे? गावातल्या डॉक्टरकडे. तो डिग्री न विचारता सलाईन लावतो, एक पिवळं इंजेक्शन आणि कमरेत एक दुखण्याचं. दिवस गेलेत हे तिने सांगितलेलं नसतं आणि त्याने विचारलेलं नसतं. दुखण्याच्या त्या औषधांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. खूप चढलेला ताप स्वतःच पहिल्या आठवड्यांत बाळाच्या त्या नळीला बाधक ठरू शकतो, म्हणून ताप उतरवायचा, पण साध्या पॅरासिटामॉलने. आणि अंगात ताप घेऊन निंदण-वेचणीला जायचं नाही. हे शेवटचं लिहायला सोपं. मजुरी बुडते, तिची भरपाई कोणत्या योजनेत बसते ते मला अजून सापडलेलं नाही.

घरातल्या बायकांना मी नेहमी एक गोष्ट विचारत आले. ग्रहण लागलं की पोटुशी सून दिवसभर कोंडून ठेवता, विळी हातात घेऊ देत नाही, सुईदोरा लपवता. आणि जावेच्या पोराच्या अंगावर पुरळ आली की त्याला आंघोळ घालायला तिलाच पाठवता? माता आली म्हणून कडुनिंब बांधता, मातामायला पाणी घालता, घालायचं तर घाला. पण त्या घरी गरोदर बाईला नेऊ नका. कांजण्यांनी बाळात व्यंग येण्याचं प्रमाण तसं कमी आहे, पहिल्या वीस आठवड्यांत शंभरात एक-दोन. धोका जास्त आईलाच. मोठ्या माणसाला, त्यातून गरोदर बाईला, कांजण्यांतून न्यूमोनिया होतो आणि तो जीव घेऊ शकतो. पुरळ दिसल्यापासून चोवीस तासांत ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू झालं तर उपयोग होतो. पण आपल्याकडे माता आलेल्याला औषध द्यायचं नसतं, कोप होतो. गोवराचंही तसंच. व्यंग नाही, पण गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि आईचा न्यूमोनिया.

विदर्भातल्या अधिकाऱ्यांनी आणखी एका विषाणूचं नाव ध्यानात ठेवायला हवं, कारण सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्या घरात आहे. पार्व्हो बी-१९. पोरांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात, आठवड्यात बरे होतात. हा विषाणू रक्त तयार करणारा कारखानाच काही दिवस बंद पाडतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त मात्र अचानक खाली येतं. आणि गरोदर बाईला पहिल्या वीस आठवड्यांत झाला तर गर्भाचं रक्त कमी होऊन अंगात पाणी भरतं, गर्भ दगावूही शकतो. सिकलसेलची गरोदर बाई आणि शाळा-अंगणवाडीत लाल गालांची पोरं, हे दोन्ही एकाच गावात दिसलं तर तिचं हिमोग्लोबिन तपासायला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीची वाट पाहू नये. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस स्वतः गरोदर असतात तेव्हा त्यांनाही कोणी सांगत नाही की पोरांचं नाक-लाळ पुसल्यावर, लघवीचे कपडे हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तिथून येतो आणि बाळाला बहिरं करू शकतो. साबणाच्या वडीचा खर्च मी धरत नाही.

हिपॅटायटीस बी आणि एचआयव्हीबद्दल फार लिहीत नाही, ती तपासणी आपल्याकडे बऱ्यापैकी होते. बाळाला चोवीस तासांच्या आत 'बी'ची पहिली लस मिळाली का, तेवढं सुट्टीच्या दिवशीच्या बाळंतपणांत तपासून बघा.

एक तक्रार मात्र मन भरून करायची आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी 'टॉर्च'चा धंदा चालतो. एखादीचा गर्भ दोनदा पडला की तिला टॉर्च तपासणी, म्हणजे रुबेला, सायटोमेगॅलो अशा काही संसर्गांची रक्ततपासणी, लिहून देतात. खेड्यातला माणूस कापूस विकून पैसे आणतो. रिपोर्टवर आयजीजी पॉझिटिव्ह असं जाड अक्षरात येतं आणि 'तुमच्या रक्तात व्हायरस आहे' म्हणून महिनोन्महिने औषधं चालतात. आयजीजी म्हणजे आजार कधीतरी होऊन गेला किंवा लस मिळाली. रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आता संरक्षण आहे, ही तर आनंदाची बातमी! वारंवार गर्भ पडण्याच्या कारणांत ही तपासणी काही सांगत नाही. जिला खरंच ती हवी असते ती वेगळी बाई. पाळी चुकलीय, ताप आलाय, अंगावर बारीक पुरळ आहे किंवा पुरळ असलेल्या पोरासोबत ती राहिलीय. तिचं रक्त आयजीएम (ताजी लागण दाखवणारी तपासणी) आणि आयजीजीसाठी वेळेत जायला हवं, गरज पडली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आणि नुसत्या एका आयजीएमवर निर्णय घ्यायचा नसतो, तो खोटाही पॉझिटिव्ह येतो. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बघायचं, सोनोग्राफीने बाळावर लक्ष ठेवायचं. पहिल्या तिमाहीत लागण नक्की ठरली तर गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय त्या बाईचा. कायद्याने तिला वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने ती मुभा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. पण वेळ मिळण्यासाठी आजार वेळेत ओळखावा लागतो, आणि आजार वेळेत ओळखण्यासाठी पाळी चुकल्याचं कोणाला तरी माहीत असावं लागतं.

त्यासाठी आशाला ते गुपित ठेवायची परवानगी द्या, अशी माझी साधी सूचना आहे. पाळी चुकल्यापासून तीन महिने होईपर्यंत नाव रजिस्टरवर चढवायचं नाही, बोर्डावर लिहायचं नाही, गावच्या पोषण दिवसाला सगळ्यांसमोर हाक मारायची नाही. आशाच्या खासगी वहीत फक्त एक खूण. सासू-सुना तेवढ्याला तयार होतात, मी करून पाहिलं आहे. मात्र आज आशाने पोर्टलवर नोंद केली नाही की तिचं काम झालेलं धरत नाहीत, मग ती बिचारी चारचौघांत विचारते आणि बाई खोटं सांगते.

जन्मलेल्या बाळांबद्दलही बोलायला हवं. डोळ्याची बाहुली पांढरी दिसली की घरात 'फूल पडलं' म्हणतात आणि मध, काजळ चालू होतं. बहिरं मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत 'बाप बी उशिराच बोलला व्हता' यावर सगळं निभावतं. मोतीबिंदू काढायचा तर पहिल्या काही आठवड्यांत काढावा, नाहीतर डोळा बघायला शिकतच नाही. कानाची तपासणी जन्मानंतर महिनाभरात झाली तर यंत्र किंवा शस्त्रक्रियेचा खरा उपयोग होतो. आरबीएसकेचं, म्हणजे पोरांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत येतं वर्षातून दोनदा, तोवर हे दिवस गेलेले असतात. म्हणून बाळंतपणाच्या ठिकाणीच टॉर्चच्या उजेडात (इथे खरा टॉर्च) डोळे बघा, कानाचं यंत्र कपाटातून बाहेर काढा. आणि अशा बाळाला हाताळणाऱ्या सिस्टरला, विशेषतः ती स्वतः गरोदर असेल तर, सांगून ठेवा : रुबेला घेऊन जन्मलेल्या बाळाच्या लाळेतून आणि लघवीतून विषाणू वर्षभर बाहेर पडत राहू शकतो. हे माझ्या नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात वाचलं.

आई मात्र सगळीकडे गुन्हेगार ठरते. कोणी म्हणतं ग्रहण पाळलं नाही, कोणी म्हणतं पपई खाल्ली. शेजारच्या गावात अशा एका बाईला बहिऱ्या मुलासकट माहेरी आणून सोडलं होतं. तिला दुसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ आली होती आणि सासूने 'उष्णता' म्हणून गुलकंद दिला होता, हे तिनेच मला सांगितलं, ते पोर शाळेत जायच्या वयाचं झाल्यावर.

तर साहेब, पुढच्या महिन्याच्या सभेत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राकडून एक आकडा मागवा : गेल्या तीन महिन्यांत गोवर-रुबेलाचे किती डोस फोडलेल्या कुप्यांतून फेकले गेले. तो आकडा दर सत्राला लिहिला जातो, मी स्वतः लिहीत आले आहे. त्याच्या शेजारी त्या केंद्राच्या हद्दीत या हंगामात होणाऱ्या लग्नांची संख्या लिहायला आशांना सांगा. परवानगीचा प्रस्ताव वर पाठवायला तेवढी आकडेवारी पुरेल. तुळशीचं लग्न लागलं की तारखा निघायला लागतात, म्हणून तो त्याच्या आधी जायला हवा. यादी करायला, पोरींना सत्रावर आणायला, घरच्यांना समजवायला माणूस कमी पडत असेल तर मी येते. मानधन नको, येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट तेवढं द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. यवतमाळ